काळ्या लोकरीचें शास्त्र

नाशिकजवळील एकलहरें या गांवाचें नांव निघालें, कीं तेथील औष्णिक वीजकेंद्र डोळ्यांपुढें उभें राहतें. तेथें कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या बळावर वीज निर्माण होते. याच जिल्ह्याच्या माळरानांवर धनगरांचीं काळीं मेंढरें चरतात. या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. तो संबंध रंगाऱ्याच्या कढईंत सांपडतो. कारण लोकर धुणें, रंगविणें आणि विणलेल्या कापडाला अखेरची सफाई देणें हा सारा व्यवहार पाण्याचा व उष्णतेचा आहे.

लोकर केरॅटिन नांवाच्या प्रथिनाची बनलेली असते. तिच्या प्रत्येक तंतूवर घराच्या कौलांप्रमाणें सूक्ष्म खवले असतात. ओल्या लोकरीला ऊब आणि चोळणी मिळाली, कीं हे खवले एकमेकांत अडकतात व कापड आटतें. मोठ्या माणसाचा स्वेटर गरम पाण्यांत चोळून धुतला असतां लहान मुलाच्या मापाचा होतो, तो यामुळेंच.

या तंतूची प्रकृति कापसाच्या अगदीं उलट आहे. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणांत लोकर कांहीं मिनिटांत विरघळून जाते, पण कापूस टिकतो. उलट, लोकरींत अडकलेले कांटेकुसळें काढावयाचे असल्यास ती सौम्य गंधकाम्लांत भिजवून तापवितात. वनस्पतींचे अवशेष जळून ठिसूळ होतात, ते झटकून टाकतां येतात आणि लोकर शाबूत राहते.

रंगविण्याची क्रियाही आम्लावरच चालते. आम्लयुक्त पाण्यांत लोकरीवर धन विद्युद्भार येतो आणि ऋणभारित रंगकण तिच्याकडे ओढले जातात. येथें घाई उपयोगाची नाहीं. पाणी हळूहळू तापवावें लागतें, नाहींतर रंग डागाळतो. आणि फार वेळ उकळल्यास तंतु दुर्बल होतो. म्हणूनच उकळीऐवजीं ८० ते ८५ अंश सेल्सिअसवर रंग मुरविण्याच्या पद्धती शास्त्रज्ञांनीं शोधल्या. त्यांत इंधन वांचतें आणि तंतूचें आयुष्यही वाढतें.

महाराष्ट्रांत ठाणें येथें १९६३ सालीं वूल रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. ज्या राज्यांत ही संस्था आहे, त्या राज्याच्या दख्खनी मेंढीची लोकर मात्र कारखान्यांच्या फारशी उपयोगी पडत नाहीं. नाशिक आणि अहिल्यानगर या भागांतील संगमनेरी मेंढी याच जातीची. मेरिनोचा तंतु साधारणपणें २० मायक्रॉनच्या आसपास असतो. दख्खनी तंतु त्याहून कितीतरी जाड आणि केसाळ. अनेक तंतूंच्या गाभ्यांत पोकळ्या असतात. त्यांत प्रकाश विखुरतो, आणि रंग चढला तरी फिका दिसतो. शिवाय मूळचा काळा रंग घालवावयाचा, तर हायड्रोजन पेरॉक्साइडचे कडक संस्कार करावे लागतात व त्यांत तंतूचीच हानि होते.

मग या लोकरीचें काय करावें? कातरणीची मजुरीसुद्धां तिच्या किमतींतून सुटत नाहीं, म्हणून पुष्कळ धनगर ती टाकून देतात. परंतु हाच प्रश्न उलट बाजूनें पाहतां येतो. लोकरीला पक्का काळा रंग देण्यासाठीं कारखान्यांत क्रोमियमचे क्षार वापरीत आले आहेत, आणि त्यांचें सांडपाणी विषारी ठरूं शकतें. दख्खनी मेंढीच्या अंगावर तो काळा रंग निसर्गानेंच चढविलेला असतो; त्यासाठीं ना क्रोमियम लागतें, ना कोळसा. घोंगडी विणणाऱ्या सणगरांनीं हें पूर्वींच ओळखलें होतें. त्यांनीं लोकर रंगविण्याचा खटाटोप केला नाहीं. चिंचोक्याची खळ ताण्याला लावून जाडाभरडा पण टिकाऊ, ऊबदार कपडा विणला.

शास्त्राचें काम प्रत्येक लोकरीची मेरिनो करणें हें नव्हे. कोणत्या तंतूला काय मानवतें, हें ओळखून त्यास योग्य जागा मिळवून देणें, हें त्याचें खरें काम होय. नमदा, गालिचा, थंडी व आवाज अडविणारे थर यांत जाड लोकरीचा दोष गुण ठरतो. ती जागा वेळींच मिळाली नाहीं, तर लोकरीसाठीं मेंढी पाळणें उरणार नाहीं, आणि घोंगडीचा मागही थांबेल.