कलाशाळेचा अजिंठ्यांतील धडा

मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचा इतिहास सांगतांना आपण बहुधा दात्याच्या औदार्यापासून आरंभ करतों, आणि तें योग्यच आहे. १८५३ सालीं जमशेटजींनीं एक लक्ष रुपये देऊं केले. १८५७ सालीं एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेंत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. देशी कारागिराच्या हातास शास्त्रीय वळण लागावें, हा हेतु होता. परंतु तें वळण आलें लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील अभ्यासक्रमांतून. घारापुरीचीं लेणीं बंदरापलीकडे उभीं असतां विद्यार्थी ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाश गिरवीत असे.

या शिक्षणास कलाटणी मिळाली ती अजिंठ्यांत. तेथील भित्तिचित्रांच्या मेजर रॉबर्ट गिल यांनीं केलेल्या बहुतेक प्रती १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या होत्या. पुढें नव्या प्रतींचें काम कलाशाळेकडे आलें. अध्यापक जॉन ग्रिफिथ्स १८७२ सालीं विद्यार्थ्यांसह निजामाच्या राज्यांतील त्या दरींत गेले, आणि मधून मधून खंड पडत हें काम १८८५ पर्यंत चाललें. कापडावर तैलरंगांत सुमारे ३०० प्रती तयार झाल्या.

याला निव्वळ नक्कल म्हणणें अन्यायाचें होईल. पुतळ्यावरून घनता शिकलेल्या हातास येथें रेषा शिकावी लागली. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीची झुकलेली मान आणि कमळ धरलेलीं बोटें छायेपेक्षां रेषेच्या ओघावर उभीं आहेत. पाश्चात्य आदर्श गिरविण्यास बसविलेले विद्यार्थी येथें सुमारे दीड सहस्र वर्षांपूर्वींच्या अनामिक चित्रकारांचे शिष्य झाले.

या धड्याची किंमतही द्यावी लागली. चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून भिंतींवर लावलेलें रोगण पुढें पिवळें पडलें व मूळ रंग झांकोळले. लंडनला पाठविलेल्या प्रतींपैकीं पुष्कळ प्रती १८८५ च्या आगींत नष्ट झाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. १८९६-९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भव्य ग्रंथास ग्रिफिथ्स यांचें नांव मिळालें, आणि त्यांच्या परिश्रमांस तें शोभतेंही. परंतु पेस्तनजी बोमनजींसारखे ज्यांचे हात त्या काळोखांत वर्षानुवर्षें चालले, त्यांचीं नांवें आज किती सुशिक्षित घरांत ठाऊक आहेत?

तो धडा मात्र पुसला गेला नाहीं. १९१९ नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दींत भित्तिचित्रणास शाळेंत मानाचें स्थान मिळालें, आणि नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती मुंबईच्या चित्रकारांनीं रंगविल्या.

शाळेची योग्यता ठरवितांना आपण संस्थापक आणि प्राचार्य यांच्याच नांवांवर थांबतों. यापुढें अजिंठ्याची एखादी जुनी प्रत पाहण्याचा योग आला, तर ती कोणत्या विद्यार्थ्यानें काढली हेंही विचारावें. मूळ चित्रकारांचीं नांवें काळानें नेलीं. प्रतिकारांचीं नांवें आपल्या अनास्थेनें जाऊं नयेत.