उशीतला शब्द : सावरी



आपल्या हिंडलग्याहून वेंगुर्ला रस्त्याने चंदगडकडे जाताना या दिवसांत रानाच्या कडेला सावरीची बोंडं फुटलेली दिसतात. फाल्गुनात लालभडक फुलणारं हे झाड वैशाखात पांढऱ्या म्हाताऱ्या उडवतं. झाड ते सावर, काटेसावर किंवा सावरी. आणि त्याचा कापूसही सावरीच. आज मी या एकाच शब्दावर बोलणार आहे.

मूळ शब्द शाल्मली. प्राकृतात तो सामरी झाला आणि मराठीत सावरी. पुराणांनी सात द्वीपांपैकी एकाला या झाडाचं नाव दिलं. आपल्या आज्यांनी त्याचा कापूस उशीत भरला.

त्याचं बोंड हातात घेऊन पाहा. ते पाच फाकांनी उकलतं. शेतातल्या कापसाचा तंतू सरकीवरच उगवतो, म्हणून सरकी काढायला यंत्र लागतं. सावरीचा तंतू बोंडाच्या आतल्या सालीवर उगवतो. बी झटकलं की सुटतं. हा तंतू आखूड आणि गुळगुळीत. तो पीळ धरत नाही, त्यामुळे त्याचं सूत निघणं कठीण. पण आतून तो पोकळ, हवेने भरलेला, आणि वर मेणाचा पातळ थर. पाणी त्यात सहज शिरत नाही. सावरीचीच भावकी असलेल्या पांढऱ्या सावरीचा कापूस दुसऱ्या महायुद्धातही खलाशांच्या लाईफ जॅकेटांत भरलेला असे.

संस्कृत अन्योक्तींत एक पोपट या झाडावर फळ पिकायची वाट पाहत बसतो आणि शेवटी त्याच्या चोचीत कापूस येतो. तेवढ्यावरून शाल्मली फसवी ठरली. मला हा न्याय मान्य नाही. पोपटाला जे नको होतं, तेच तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली आलं.

जुनी उशी उसवताना घरात काय तयारी असे, आठवा. दारं लावायची, पंखा बंद करायचा, नाकावर पदर घ्यायचा. सावरी फुंकरीनेही उडते. खोळ दाट विणीची हवी, नाहीतर शिवणीतून तंतू डोकावतात. दबलेली उशी दिवसभर उन्हात ठेवली की संध्याकाळी फुगून वर येते.

त्या उशीभोवतीचे शब्दही ऐका. उशी संस्कृत उच्छीर्षापासून आली. अभ्रा फारसी. कापूस पिंजणारा तो पिंजारी. त्याचं आडनाव नदाफ, म्हणजे अरबीत पिंजारीच. आणि शेजारची कानडी मावशी सावरीला बूरग म्हणते. आपल्या सीमाभागातल्या एका उशीत इतक्या भाषा सुखाने नांदल्या.

आता दुकानात आपण फायबरची नाहीतर फोमची उशी मागतो. वस्तू बदलली, याचं मला दुःख नाही. पण झाड दारात उभं असताना मुलांना त्याचं नाव सांगता येत नाही, हे मला सलतं. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात भाषेसाठी प्राण दिलेल्यांचं स्मारक याच हिंडलग्यात आहे. पाट्यांवरच्या मराठीसाठी आपण झगडलो. घरातली मराठी मात्र रोजच्या कामातून जगते. काम सुटलं की शब्दही सुटतो.

म्हणून एवढंच मागतो. या सुट्टीत नातवंडांना घेऊन एखाद्या सावरीखाली जा. पडलेलं बोंड त्यांच्या हातात द्या, उकलू द्या, आणि नाव सांगा. जमलं तर घरात एक छोटी उशी भरा.