न केलेली सहल



आयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. त्यांची क्षमा मागून मी वाईबद्दल बोलणार आहे.

गेल्या जुलैत मी आणि माझी शाळेतली बाकावरची मैत्रीण पुण्याहून एका दिवसासाठी वाईला गेलो. पावसाळ्यात बहुतेक गाड्या पसरणीचा घाट चढून थेट पाचगणीला जातात. वाईला थांबायचं ते हिवाळा सरताना, कृष्णाबाईच्या उत्सवात. आम्ही गेलो तेव्हा गणपती घाटावर एक फुलवाली, दोन कुत्री आणि आम्ही. कृष्णा गढूळ, पायऱ्या पाण्याखाली.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. त्याची मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती आहे. पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. उन्हाळ्यात ही नुसती एक गमतीशीर भिंत दिसत असणार. पाणी चढलेलं असलं की ती कशासाठी आहे ते कळतं. आमच्या धंद्यात याला लोड टेस्टिंग म्हणतात. बांधणाऱ्याने पूर गृहीत धरला होता, एवढंच.

मग मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि तिथली ती पोर्तुगीज घंटा. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधून आणलेली. घंटेपाशी मैत्रीण हसायला लागली.

कारण सांगते. नववीत आपली सहल वाई-प्रतापगडला गेली होती. वर्गणी सव्वाशे रुपये. त्या वर्षी बाबांची नोकरी सुटली होती. मी ताप आल्याचं सांगून घरी राहिले. नंतर बाईंनी निबंध दिला, 'आमची सहल'. न आलेल्यांसाठी 'माझा आवडता ऋतू'. मी हट्टाने सहलीवरच लिहिला. मैत्रिणीकडून दोन मधल्या सुट्ट्यांत सगळं ऐकून घेतलं होतं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. तीस वर्षं मला वाटत होतं, मी सगळ्यांना फसवलं.

"अगं, तू लिहिलं होतंस की ढोल्या गणपतीच्या पायऱ्या चढताना धाप लागली," ती म्हणाली. देऊळ तर नदीकाठाला! प्रतापगडाची धाप मी गणपतीला लावली होती.

"पण वर्गात कोणी हसलं कसं नाही?"

"बाईंनी वाचताना ते वाक्य गाळलं होतं. माझ्या हातात वही होती ना नंतर, मी पाहिलं."

मी तिथेच ओल्या पायरीवर बसले. एसटीत चढताना हजेरी बाईंनीच घेतली होती. मी आले नव्हते हे त्यांना ठाऊकच होतं. वर्गणीचं कारणही, आता वाटतं, ठाऊक असणार. परत येताना आम्ही दोघी फारसं बोललो नाही; खंबाटकीत धुकं होतं, आणि गाडी मी चालवत होते.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. ती वही मी आज बरोबर आणली आहे. निबंधाला दहापैकी आठ आहेत. दोन कशाचे कापले, ते चहाच्या वेळी विचारायचं आहे.