एक नमुना, दोन चित्रें

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर नॉर्थम्ब्रिया नांवाचें राज्य होतें. सातव्या शतकाच्या अखेरीस तेथें ख्रिस्ती साधूंचे दोन मठ नांवारूपास आले होते. लिंडिस्फार्न या बेटावरील मठ आयोनाहून आलेल्या, आयरिश परंपरेच्या साधूंनीं ६३५ मध्यें वसविला. वेअरमथ-जॅरो हा जोडमठ बेनेडिक्ट बिस्कपचा. हा गृहस्थ रोमच्या वाऱ्या करणारा, आणि येतांना ग्रंथ व चित्रें आणणारा. दोन्ही मठांत साठ मैलांचेंही अंतर नव्हतें. धर्मग्रंथ एकच, परंतु पोथी उघडावी, तों निराळेंच जग दृष्टीस पडतें.

जॅरोचे महंत चेओल्फ्रिथ यांनीं संपूर्ण बायबलाच्या तीन प्रती करविल्या. त्यांपैकीं एकच धडपणें उरली. ती हल्लीं फ्लॉरेन्स येथें आहे. पानें १०३०, वजन सुमारें ३४ किलो. कागद तेव्हां तेथें ठाऊक नव्हता. इतक्या पानांसाठीं अंदाजें पांचशें वासरांचीं कातडीं लागलीं असावींत, यावरून त्या उद्योगाची श्रोत्यांनीं कल्पना करावी. आरंभीं एज्रा या शास्त्र्याचें चित्र आहे. पाय चौरंगावर टेकून, वांकून तो लिहीत आहे. मागें उघड्या कपाटांत नऊ ग्रंथ आडवे ठेवले आहेत. वस्त्राच्या चुण्यांतून छाया अशी उतरविली आहे, कीं हें काम इटलीचेंच वाटावें.

आतां लिंडिस्फार्नच्या पोथींतील मॅथ्यू पाहावा. तीच बैठक, तीच वांकलेली पाठ. दोन्ही चित्रें एकाच इटालियन नमुन्यावरून उतरलीं असावींत, असें जाणकार मानतात. परंतु येथें कपाट नाहीं. पडद्याआडून एक पुरुष डोकावतो, आणि मॅथ्यूच्या मस्तकावर देवदूत शिंग फुंकतो. चुण्यांना छाया नाहीं. निराळ्या रंगाच्या ठळक रेघा आहेत.

चित्रकाराला छाया साधलीच नाहीं, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण याच पोथींत केवळ नक्षीचीं अशीं पांच पानें आहेत. एकमेकांत गुंतलेले पक्षी, श्वापदें आणि गांठी. रेघेचा मागोवा घ्यावा, तर ती कोठेंही चुकत नाहीं. पानांच्या पाठीवर कंपासाच्या टोंकाचीं भोकें व आंखणीच्या रेषा अजून दिसतात. ठिपक्यांच्या रांगोळीसारखीच ही तयारी! असा हात असमर्थ कसा म्हणावा? त्याला छाया नकोच होती. मनुष्यदेहही त्याला नक्षीच्याच भाषेंत सांगावयाचा होता. पोथींतील निळा रंग बदकशानच्या राजवर्ताचा असावा, असें पूर्वीं समजत; अलीकडील परीक्षेंत तो वोड या वनस्पतीचा, म्हणजे आपल्या निळीच्याच जातीचा, ठरला.

उलट, जॅरोच्या लेखकांची नक्कल इतकी बिनचूक साधली, कीं तीच त्यांना भोंवली. ७१६ मध्यें वृद्ध चेओल्फ्रिथ हा ग्रंथ सेंट पीटरच्या चरणीं अर्पण करण्यास रोमला निघाले; वाटेंत फ्रान्समधील लांग्र येथें त्यांचा अंत झाला. पुढें ग्रंथ इटलींतील माँटे अमियाटाच्या मठांत पोंचला. तेथें अर्पणलेखांतील त्यांचें नांव खरवडून ‘लाँबर्डांचा पीटर’ असें घालण्यांत आलें. ग्रंथ इटलीचाच, अशी समजूत रूढ झाली. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दे रॉस्सी या पुरातत्त्वज्ञानें खरवडलेलीं अक्षरें लावलीं, तेव्हां फिटली.

लिंडिस्फार्नच्या पोथीचें दैव बरें. दहाव्या शतकांत आल्ड्रेड नांवाच्या पुरोहितानें तिच्या लॅटिन ओळींमध्यें इंग्रजी अर्थ बारीक अक्षरांत लिहिला, आणि अखेरीस ही पोथी बिशप ईडफ्रिथची, असें नोंदवून ठेविलें. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. जॅरोच्या उरलेल्या प्रतींचीं मात्र थोडींच पानें हातीं आलीं. त्यांतील बरींच एका जमीनदार घराण्याच्या दप्तराला वेष्टण म्हणून बांधलेलीं होतीं.