हसून झाल्यावर काय उरतं?



विनोदाची एक मोठी सोय असते. ज्याला तो लागला त्यानं तोंड उघडलं, की लगेच म्हणता येतं, 'अहो, गंमत होती! मनावर काय घेता?' म्हणजे टोचणारा मोकळा, आणि ज्याला टोचलं तोच चिडका ठरतो. माणसाचा वर्ण, त्याची बोली, त्याची जमात यांच्या ठोकळेबाज चित्रांवर उभे राहिलेले विनोदी चित्रपट पाहताना मला ही सोय हटकून आठवते. असे चित्रपट पूर्वग्रह घालवतात, की त्याला खतपाणी घालतात? आज त्याविषयीच बोलणार आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करतो, कारण तिथे या विनोदाचा इतिहास जुना आणि कडू आहे. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा एक गोरा नट तोंडाला काळं फासून रंगमंचावर येई. फाटके कपडे, लंगडत केलेला नाच, मोडकंतोडकं इंग्रजी. या पात्राचं नाव जिम क्रो. प्रेक्षक पोट धरून हसत. पुढे अशा खेळांची लाटच आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिणेतल्या राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, असे कायदे केले, तेव्हा त्यांना नाव पडलं 'जिम क्रो कायदे'. त्यांचा कणा मोडायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला. विनोदानं ते कायदे केले, असं मी म्हणत नाही. पण ज्याला वेशीबाहेर ठेवायचं, त्याला आधी हास्यास्पद करून ठेवलं की पुढचं काम सोपं होतं.

मग हा विषय विनोदाला वर्ज्यच मानायचा का? मला तसं वाटत नाही. १९७४ साली मेल ब्रुक्स या ज्यू दिग्दर्शकाचा 'ब्लेझिंग सॅडल्स' हा चित्रपट आला. त्याच्या लेखकांत रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय विनोदकारही होता. एका गोऱ्या वस्तीच्या गावात बार्ट नावाचा काळा शेरीफ नेमला जातो. स्वागताला जमलेलं गाव त्याचा चेहरा पाहताच बंदुका रोखतं. आणि बार्ट काय करतो? स्वतःचं पिस्तूल स्वतःच्याच मानेला लावतो आणि स्वतःलाच ओलीस धरतो! एका आवाजात धमकी देतो, दुसऱ्या, गयावया करणाऱ्या आवाजात स्वतःच्याच प्राणांची भीक मागतो. तो दुसरा आवाज म्हणजे गोऱ्यांनी रंगमंचावर घडवलेला तोच जुना भेदरट काळा माणूस. गाव फसतं, बंदुका खाली येतात.

या प्रसंगात आपण हसतो ते गावाला. त्यांच्या डोक्यात काळ्या माणसाचं जे बाहुलं बसलेलं आहे, तेच बार्टनं त्यांच्यापुढे नाचवलं. चित्रपटात शिव्या आहेत, वंशद्वेषाचे शब्द तर पावलोपावली आहेत. पण बार्ट हुशार आहे, हजरजबाबी आहे, थकतो, दुखावतो, पुन्हा उभा राहतो. दीड तासापूर्वी जो आपल्यासाठी नुसता एक रंग होता, तो बाहेर पडताना माणूस झालेला असतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण चित्रपट अर्धाच पडद्यावर घडतो. उरलेला अर्धा प्रेक्षकाच्या डोक्यात घडतो. अमेरिकेत १९७१ पासून 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका गाजत होती. तिच्यातला आर्ची बंकर उघडउघड पूर्वग्रहदूषित. अशा माणसाचं हसं व्हावं, हाच हेतू. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास करून १९७४ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक, त्यांना आर्ची अधिक आवडत होता आणि शेवटी तोच जिंकतो असं वाटत होतं! म्हणजे आरसा समोर धरावा, आणि पाहणाऱ्यानं त्यात स्वतःचा भांग पाडून घ्यावा, तशातला प्रकार.

डेव्ह शॅपेल या कृष्णवर्णीय विनोदी कलावंतानं तर २००५ मध्ये कोट्यवधी डॉलरचा करार असताना आपला टीव्ही कार्यक्रम सोडून दिला. वर्णाविषयीच्या एका प्रहसनाचं चित्रीकरण चालू असताना एक गोरा माणूस हसला, आणि ते हसणं आपल्याला खटकलं, असं त्यानं नंतर सांगितलं. आपल्याबरोबर हसणं आणि आपल्याला हसणं, यांतला फरक त्याच्या कानांना कळला होता.

आता थोडं आपल्या घरात डोकावू. १९६८ साली दोन चित्रपट आले. हॉलीवूडच्या 'द पार्टी'त पीटर सेलर्स या इंग्रज नटानं तोंडाला तपकिरी रंग लावून एक धांदरट भारतीय उभा केला. ते पाहताना आपल्याला कुठेतरी लागतं. आणि आपला 'पडोसन'? मेहमूदचा मास्टर पिल्लई! मी तो चित्रपट कितीदा पाहिला, याची मोजदाद नाही, आणि मेहमूद मला फार प्रिय आहे. पण जरा कथा आठवा. गाणं येतं ते पिल्लईला. नायकाला येत नाही. त्याचा मित्र लपून गातो आणि हा नुसते ओठ हलवतो. खरं गाणारा हरतो, आणि आपण हसतो त्याच्या शेंडीला आणि उच्चारांना. त्याच्या विद्येकडे आपलं लक्षच जात नाही. सेलर्सचा भारतीय आपल्याला खुपतो. पिल्लई तमिळ माणसाला खुपत असेल, हे मनात येत नाही, कारण तेव्हा हसणाऱ्यांच्या बाकावर आपण असतो.

मी मराठीत कविता लिहितो. माझ्या आईनं जात्यावर ओव्या गायल्या त्या मराठीतच. एका कविसंमेलनात सूत्रसंचालकानं मला पुकारलं ते सिनेमातल्या मुसलमानाच्या थाटात. 'आता आपले मियाँभाई' असं म्हणत, 'तेरेकू-मेरेकू' करत. सभागृह खळखळून हसलं. त्यात दुष्टावा नव्हता, हेही सांगतो. मी वडिलांच्या शेतावरच्या पावसाची कविता वाचायला घेतली. पहिल्या कडव्याला लोक तसेच हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे पाहत होते. पुढची गंमत कधी येते, याची वाट पाहत होते. पाऊस त्यांच्यापर्यंत पोचला तोवर कविता निम्मी संपली होती.

ठोकळेबाज विनोदाचं नुकसान मला यात दिसतं. अपमान तर माणूस गिळतोही. पण तो बोलायला उभा राहण्याआधीच त्याचं बोलणं काय असणार, हे समोरच्यानं ठरवून टाकलेलं असतं.

म्हणून हसणं थांबवा, असं मी सांगणार नाही. हसायला आलं तर हसावं. मात्र चित्रपटगृहातून बाहेर पडताना स्वतःला एक विचारावं. ज्याला हसलो त्याच्याविषयी आत शिरताना जे ठाऊक होतं, त्यापेक्षा जास्त काही कळलं का? कळलं असेल, तर त्या विनोदानं काम केलं. नसेल, तर आपण तिकीट काढून आपलाच जुना समज पुन्हा पाहून आलो. आणि तो माणूस शेजारच्या खुर्चीवर असता, तर आपण असेच हसलो असतो का?

आपल्या देशात हा प्रश्न कल्पनेतला नाही. शेजारच्या खुर्चीवर तो बहुधा बसलेला असतोच.