जाहिरातीतली बाई



खताच्या दुकानात, किराणा मालाच्या पेढीवर किंवा केस कापण्याच्या दुकानात भिंतीवर एखादे कॅलेंडर लटकलेले आपण नेहमी पाहतो. एकादशी-चतुर्थी, सुट्ट्या, पौर्णिमा हे सारे खाली बारीक अक्षरांत असते आणि वरच्या मोठ्या जागेत एक बाई हसत असते. पंपाच्या कंपनीचे कॅलेंडर असेल तर ती पंपाशेजारी हसते, ट्रॅक्टरच्या कंपनीचे असेल तर ट्रॅक्टरला रेलून हसते. तिची साडी अशी, की ती नेसून बांधावरून चार पावले चालू म्हटले तर चालता यावयाचे नाही. त्याच गावात खुरपणी-भांगलण करणाऱ्या, वेळ पडली तर रात्री पाण्याची दारे धरणाऱ्या बाया असतात. पण त्या कॅलेंडरवर येत नाहीत. मग ही जी येते, ती तेथे कशासाठी येते? आजच्या भाषणात या एवढ्याच प्रश्नाचा विचार करू.

बाईचे चित्र लावून माल खपविणे ही काही कालची गोष्ट नव्हे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या, आणि मालावर व कॅलेंडरांवरही अशी चित्रे छापली जाऊ लागली. लोक चित्रासाठी कागद जपून ठेवीत आणि कागदावर मालाचे नाव असे. नंतर रंगभूमीची पाळी आली. बालगंधर्व स्त्रीवेषात उभे राहिले, की त्यांचे पाहून घरंदाज बायका साडी नेसण्याची, केस बांधण्याची तऱ्हा उचलीत. त्यांच्या त्या वेषातील छायाचित्रांचा उपयोग माल खपविण्यासाठीही होई. म्हणजे गंमत पाहा, जिच्याकडे पाहून बायकांनी वस्तू घ्यावी अशी ती बाई प्रत्यक्षात पुरुष होती! पुढे बोलपट आले. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या पदवीधर होत्या, अभिनयात नाव मिळविलेल्या होत्या. पण साबणाला त्यांची विद्या नको होती, त्यांची कांती हवी होती.

येथे कोणी म्हणेल, “मास्तर, शृंगाराचे तुम्हांला एवढे वावडे का? आमची लावणी काय सोवळ्यात बसून म्हणतात?” प्रश्न योग्य आहे. शृंगार हा आपल्या मातीतलाच आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण लावणीतली बाई बोलते. ती रुसते, टोमणा मारते, समोरच्या शाहण्याची फजिती करते. गळा तिचा, पाय तिचे, कसब तिचे, आणि टाळी पडते ती त्या कसबाला. तमाशातही तिची पिळवणूक झाली आहे, ते मी नाकारीत नाही. परंतु फडावर ती निदान कुणीतरी असते. ट्रॅक्टरला रेललेल्या बाईला ना नाव, ना काम, ना शब्द. तिला ट्रॅक्टर चालविता येतो की नाही, हे कोणी विचारीत नाही. तिने फक्त डोळे ओढून घ्यावयाचे.

आणि डोळे ओढले गेले, की माल खपतो का? २०१७ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी या विषयावरचे ७८ अभ्यास एकत्र करून पाहिले. निष्कर्ष असा निघाला, की शरीराचे आकर्षण दाखविणारी जाहिरात लोकांच्या लक्षात राहते, पण मालाचे नाव त्यामुळे अधिक लक्षात राहते असे नाही, आणि तो विकत घेण्याची इच्छाही वाढत नाही. पुरुषांना अशा जाहिराती आवडतात, स्त्रियांना आवडत नाहीत. याचा सरळ अर्थ असा, की लाभाचा भरवसा नसतानाही आपण हा अपमान चालवून घेतो.

अपमान हा शब्द मी जाणून वापरला. तो प्रथम ग्राहकाचा आहे. शेतकऱ्याला पंप घ्यावयाचा असतो. त्याची अश्वशक्ती किती, किती खोलवरून पाणी ओढील, वीज किती खाईल, बिघडला तर दुरुस्ती कोठे होईल, हे त्याला हवे असते. त्याऐवजी त्याच्यापुढे हसरी बाई ठेवली जाते. त्याला अक्कल नाही असेच यात गृहीत धरलेले असते.

दुसरा अपमान अधिक खोल जातो, कारण तो घरातल्या मुलीपर्यंत पोहोचतो. १९७५ साली गोरे करणारे एक मलम बाजारात आले, ‘फेअर अँड लव्हली’. सावळी मुलगी खिन्न, मग मलम, मग गोरी, मग लग्न जुळले किंवा नोकरी लागली, असा त्याच्या जाहिरातींचा साचा वर्षानुवर्षे चालला. ज्या महाराष्ट्राने सावळ्या विठ्ठलाला माउली म्हटले, त्याच महाराष्ट्रात मुलगी पाहायला आलेली मंडळी आधी रंग पाहतात. हा दोष जाहिरातीने निर्माण केला नाही, तो आपलाच. पण तिने त्याला भाव लावला आणि नळीत भरून विकला. २०१४ साली जाहिरातदारांच्याच ‘जाहिरात मानक परिषद’ या संस्थेने, सावळ्या रंगाला कमीपणा आणू नये, असा नियम केला. २०२० साली मलमाचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले. मुलगी पाहण्याच्या बैठकीत काय बदलले, ते आपण आपल्याच घरात तपासावे.

मुलांचेही तसेच. फटफटी घेतली की मुलगी मागे येऊन बसते, अंगावर सुगंधी फवारा मारला की मुली धावत येतात, हे मुलगा दहा वर्षांचा असल्यापासून पाहतो. वस्तूबरोबर बाई मिळते, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण तो पाठ होतो. जून २०२२ मध्ये अशाच एका फवाऱ्याच्या जाहिरातीत, एकट्या मुलीच्या मागे चार पुरुष उभे करून सामूहिक अत्याचाराच्या भीतीवर विनोद केला होता. लोकांनी ओरड केली, तेव्हा केंद्र सरकारने ती काढून टाकावयास लावली.

मग कायदा नाही काय? आहे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा कायदा १९८६ सालीच झाला. पण कायद्याची नजर बहुधा कपड्यांवर असते. १९९५ साली मुंबईत बुटांच्या एका जाहिरातीत एक स्त्री आणि एक पुरुष केवळ बूट घालून, अंगाभोवती अजगर घेऊन उभे होते. खटला झाला, १४ वर्षे चालला आणि २००९ साली सारे निर्दोष सुटले. आता उलट बाजू पाहा. डोक्यावरून पदर घेतलेली, नखशिखान्त झाकलेली सून सासूपुढे गोरी होऊन उभी राहते, त्या जाहिरातीवर या कायद्याचे बोट कसे ठेवणार? तेव्हा कापड किती हे मोजण्यापेक्षा त्या बाईला माणूस म्हणून काही काम दिले आहे का, हे पाहिले पाहिजे.

तसे काम देता येते. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर सर्फची ललिताजी येत असे. कविता चौधरींनी ती भूमिका केली होती. ती भाजीवाल्याशी घासाघीस करी, दर आणि वजन यांचा हिशोब मांडी. तिने पदर सरळ खोचलेला असे आणि ती डोक्याने बोले. लोकांना ती आवडली आणि मालही खपला. धुणे मात्र बाईनेच धुवावयाचे, हे तेथेही कायम होते. तो प्रश्न एरियलच्या जाहिरातीत २०१५ साली उघड विचारला गेला : कपडे धुणे हे बाईचेच काम का?

हे बोलताना आकाशवाणीला वगळून चालणार नाही. विविधभारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या. नभोवाणीत चित्र नसते, पण लाडिक आवाज असतो, आणि जे चित्राला लागू ते आवाजालाही लागू.

शिक्षक बंधुभगिनींनो, यासाठी निराळा तास नको. मी माझ्या वर्गात जे करतो, ते सातवी-आठवीतही करता येईल. मुलांना घरून एकेक छापील जाहिरात आणायला सांगावी. बाईच्या चित्रावर कोरा कागद ठेवावा आणि विचारावे, “आता मालाविषयी काय कळलं?” पुष्कळदा उत्तर येते, “काहीच नाही, सर.” मग कागद काढून विचारावे, “ही बाई काय करतेय? तिच्या जागी तुझी आई असती, तर ती काय करत असती?” मुले एकदम हसतात, मग गप्प होतात. कोणी म्हणते, “आईनं आधी किंमत विचारली असती.” मुलांमुलींना एकत्र बसवूनच हा पाठ घ्यावा, कारण मुलींना तो निम्मा ठाऊकच असतो.

आणि घरच्या मंडळींना विनंती अशी. टीव्हीवर वा मोबाईलवर असली जाहिरात लागली, की आपण नजर चुकवून गप्प बसतो. तसे बसू नये. मुलांदेखत एवढे तरी म्हणावे, “पंप कसा आहे ते सांग की बाबा, ही पोर कशाला उभी केलीस?” फारच वाईट वाटली तर जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार करता येते. ही संस्था १९८५ पासून आहे, सामान्य ग्राहकालाही तिच्याकडे दाद मागता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. २०२२ साली तिने स्त्री-पुरुषांच्या चित्रणाविषयीही नियम घालून दिले आहेत. आपण लिहिले नाही, तर ते नियम कागदावरच राहतील.

नव्या वर्षी दुकानदार नवे कॅलेंडर देईल. ते घेताना वरचे चित्र एकदा नीट पाहा, घरातल्या मुलीच्या नजरेने पाहा, आणि मग ते भिंतीवर लावायचे की नाही, ते ठरवा.