पाणी उकळा, पत्ती नको



वऱ्हाडात कुणाला चहा शिकवायची गरज नाही. गंजात पाणी, साखर, पत्ती, ठेचलेलं अद्रक, मग दूध, आणि वर येऊ दिलेल्या दोन-तीन उकळ्या. हा चहा उत्तम आहे. तो सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. पण चहाच्या झाडाचं हे एक रूप झालं. बाकीची रूपं आता अमरावतीत मिळतात, अकोल्यातही मिळतात. आपण ती हौसेनं आणतो आणि त्याच गंजात टाकून तसाच उकाळा देतो. मग घरातली वडीलधारी म्हणतात, ‘हे काय बाप्पा, नुसतं कडू पानी!’ पाकीट फडताळात मागे सरकतं. अशी अर्धवट फोडलेली ग्रीन टीची पाकिटं कितीतरी घरांत पडून आहेत. म्हणून मला मिळालेल्या वेळात एकच गोष्ट सांगायची आहे : नवा चहा आणलात, तर पाणी उकळा, पत्ती उकळू नका.

ज्वारीचंच बघा. थंडीत कोवळा हुरडा, दाणा पक्का झाला की भाकर, नागपंचमीला लाह्या, पीठ आंबवलं की आंबील, उन्हाळ्यात धापोडे. कणीस एकच. चहाचंही तसंच आहे. खुडलेली पानं लगेच उष्णता देऊन वाळवली की हिरवा चहा. ती कोमेजू दिली, वळली आणि हवेत पुरती काळवंडू दिली की काळा चहा. मधेच थांबवलं की ऊलाँग. झाड एकच.

मग आपली रोजची दाणेदार पत्ती कोणती? ते या ज्वारीचं पीठ. दातेरी रूळ पान चिरडतात, फाडतात आणि त्याच्या बारीक गोळ्या होतात. 1930 च्या सुमारास आसामात निघालेली ही सीटीसी पद्धत. रंग झटपट, चव कडक, दुधापुढे न दबणारी. ती उकळलेली चालते, कारण तिच्याकडून आपल्याला कडकपणाच हवा असतो. पण हुरडा कुणी चक्कीवर नेतं का? तो गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा, तळहातावर चोळायचा आणि गरम असतानाच चटणीबरोबर खायचा. हुरडा दळायला नेला, भाकर थापताना मोडली, तर ज्वारीला नावं ठेवाल? अख्ख्या पानाचा चहा उकळून कडू झाला, तर पानाला नावं ठेवू नका.

पान उकळत राहिलं की त्याचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि तुरटपणा पाण्यात उतरत राहतो. दुधाशिवाय तो झाकायला काहीच नसतं. म्हणून पाणी उकळलं की गॅस बंद करा. कपाला एक चमचा लांब पानाची पत्ती टाका, झाकण ठेवा. झाकण विसरू नका, सगळा वास त्याच्याखाली राहतो. काळ्या चहाला तीन मिनिटं. हिरव्या चहाला पाणी थोडं निवू द्या, ऐंशी अंशांच्या आसपास, आणि दोनच मिनिटं. मग लगेच गाळा, पानं पाण्यात पडून राहू देऊ नका. पहिले दोन घोट बिनसाखरेचे घ्या. मग हवी तर साखर घाला, माझी हरकत नाही.

आता पाण्याचं, कारण हे आपल्या भागाचं दुखणं आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. तिथल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या खाऱ्या पाण्यात दार्जिलिंगचा चहा टाकला, तर पैसे वाया गेले समजा. दुधाच्या चहात खारटपणा थोडाफार झाकला जातो, कोऱ्या चहात लपत नाही. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं पाणी आहे, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं आहे. खेड्यात असाल तर नळाचं गोड पाणी एवढ्या एका कपासाठी वेगळं ठेवा.

कोणता चहा आधी घ्यावा? माझं मत, निलगिरीपासून सुरुवात करा. तो मऊ असतो, लवकर कडू होत नाही आणि लिंबाशी त्याचं चांगलं जमतं. बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावची लिंबं आपल्या हाताशी आहेत. निलगिरीचा कोरा चहा, थोडी साखर, चार थेंब लिंबू. अमरावतीकरांनी संत्र्याच्या सालीचा तुकडा टाकून पाहावा. साल धुऊन घ्या आणि आतला पांढरा भाग काढून टाका, तो कडू असतो.

दूध सुटत नसेल, तर आसामचा लांब पानाचा चहा आणा. तो भरदार असतो. पण इथंही पत्ती झाकून मुरवा आणि गरम दूध वरून घाला, थोडंच. तिसरा दार्जिलिंग. मार्च-एप्रिलची पहिली खुडणी हलकी, फुलांच्या वासाची. मे-जूनची दुसरी जास्त गोडसर, पिकल्या द्राक्षांच्या वासाची. सुरुवात दुसरीपासून करा. दार्जिलिंग चहाला 2004 मध्ये देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पाकिटावर टी बोर्डाचं दार्जिलिंगचं चिन्ह बघून घ्या. हिरवा हवा असेल तर हिमाचलातला कांगडा. आणि काहीही घ्या, पन्नास ग्रॅमच घ्या. जुन्या पत्तीत वास राहत नाही. मसाल्याच्या डब्याशेजारी तर ती ठेवूच नका, हिंगाचा वास आधी तिच्यात शिरतो.

कुणी म्हणेल, मुरवायचा चहा ही साहेबांची पद्धत. खरं आहे. 1930 च्या दशकात चहाचा प्रचार करणाऱ्यांनी स्थानकांवर आणि बाजारांत किटलीत पत्ती मुरवूनच दाखवली होती. आपल्या लोकांनी ती दूध, साखर, मसाल्यात उकळून आपला चहा केला, आणि छान केला. पण आपला चहा केला म्हणून पानाचा स्वभाव बदलला नाही. कोवळ्या दाण्याला आर आणि पिठाला तवा, हे ज्या घरात सांगावं लागत नाही, त्या घराला पानाचं काय अवघड?

उन्हाळ्याचं सांगायचं होतं. अकोल्याच्या मे महिन्यात गरम कप नको वाटतो. तेव्हा दार्जिलिंग किंवा हिरवी पत्ती रात्री गार पिण्याच्या पाण्यात टाकून झाकून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. इथं पाणीसुद्धा उकळायचं नाही, आणि कडूपणा फारच कमी उतरतो. काश्मिरी काहव्याचंही बोलायचं होतं, त्यात केशर, दालचिनी, विलायची, बदाम... पण मला वेळ संपल्याची खूण होते आहे.

तेवढं फडताळातलं जुनं पाकीट आज बाहेर काढा, वास घेऊन बघा. वास येत असेल तर फेकू नका. गोड पाणी उकळा, गॅस बंद करा, थोडं निवू द्या, पत्ती टाका, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी गाळा. मग ठरवा आवडतो की नाही ते.